पायातलं बटण

आमच्या घरात कुणावर एकदम विश्वास टाकायची पद्धत नाही. दूधवाल्याचं माप, गवंड्याचा ओळंबा, पाव्हण्याचं आजारपण, सगळं दोनदा तपासायचं. माझे सासरे लालासाहेब यात सगळ्यांच्या पुढे, आणि लग्न होऊन आल्यावर वर्षभरात मीही त्यांच्या तोडीस तोड झाले. चौऱ्याहत्तर साली मामंजींनी जुनी अँबेसेडर घेतली आणि तिच्यावर आकाराम ड्रायव्हर ठेवला, तेव्हा गाडीपेक्षा त्याच्यावरच आमची जास्त नजर होती.

आकाराम फौजेतला. एकाहत्तरची लढाई करून पेन्शनीत निघाला आणि उंब्रजजवळच्या आमच्या गावात परत आला. उंच, वाळका, मिशा कातरलेल्या, बोलणं तुटक. संशयात तो आमच्याही वरताण निघाला. कराडचे गॅरेजवाले बल्ब बदलतात या भयानं त्यानं गाडीच्या प्रत्येक बल्बच्या पितळी बुडाला खिळ्यानं रेघ मारून ठेवली होती. रोज गाडी बाहेर काढण्याआधी तो ती गोठ्याच्या भिंतीसमोर उभी करी आणि दिव्याचं बटण ओढी. पहिल्या ओढीला बारीक दिवे, दुसऱ्या ओढीला मोठे. मग खाली उतरून भिंतीवरचे उजेडाचे गोल न्याहाळी. एखादा गोल जरा कलता दिसला, की पेचकस घेऊन खटपट सुरू.

"कशाला रं एवढं?" मामंजी वैतागत.

"फौजेत ह्याला फर्स्ट परेड म्हणत्यात, मालक."

हा कामाचा देखावा करून वेळ काढतोय, असं मामंजींचं मत. माझंही तेच.

एकदा आम्ही कोयनानगरला निघालो होतो. घाटात भर दुपारी धुकं दाटलं. आकारामनं मोठे दिवे लावले आणि लगेच उजेड खाली रस्त्यावर घेतला. "बॅटरी वाचवतोयस व्हय?" मामंजी मागून गुरकावले. "धुक्यात उजेड वर ठिवला की निस्तं पांढरं दिसतंय," तो म्हणाला. मामंजींना ते पटलं नाही. मुख्य म्हणजे, उजेड खाली आला तेव्हा त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते, हे त्यांनी बघितलं होतं. मग दिवे हलवले कुणी? विचारलं असतं तर तिथंच उलगडा झाला असता. पण आपल्याच गाडीत काय कुठं आहे हे ड्रायव्हरला विचारायचं, म्हणजे मालकाला केवढा कमीपणा! त्यांनी ते मनात धरून ठेवलं.

मामंजी रोज कराडला सोसायटीच्या ऑफिसात जात आणि दिवेलागणीला परतत. हायवे सोडून गाडी आमच्या पाणंदीला लागली की वळणावर हरणाबाईचं घर. नवरा वारल्यापासून ती एकटीच राही. एक म्हैस, दोन शेरडं, एवढाच तिचा संसार. तिचा दीर गुंडा त्या घरावर टपून बसला होता. घर वाटणीत तिच्या नवऱ्याला आलेलं, त्यामुळे तिला काढायला त्याला काहीतरी निमित्त हवं होतं.

ते त्याला सापडलं. एका संध्याकाळी तो आमच्या ओसरीवर येऊन बसला.

"आवं आबा, तुमच्या गाडीचं बघा जरा," तो मामंजींना म्हणाला. "रोज सांच्याला आमच्या वळणावर आली की दिवं खाली व्हत्यात. आन् आमची वैनी अंगणात हुबी ऱ्हाऊन हात जोडती. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ही खूण न्हाई तर काय हाय? तुमी हूं म्हना, तिचं बोचकं भाईर टाकतो."

मामंजींनी आकारामला एक सणसणीत शिवी हासडली. तेवढ्यात मी ओसरीवरचा बल्ब लावला. मामंजींनी शिवी अर्धी ठेवून दिव्याला हात जोडले, आणि मग उरलेली पुरी केली. गुंडानंही हात जोडले.

गावात मामंजींच्या शब्दाला मान होता. ते हो म्हणाले असते तर हरणाबाई त्याच रात्री उघड्यावर आली असती. पण तपासल्याशिवाय हो म्हणतील तर ते लालासाहेब कसले! "आदी बघतो," ते म्हणाले. हरणाबाईला मी चांगली ओळखत होते. बाई सरळ होती. पण सरळ म्हणून काय झालं, असंही माझ्या मनात आलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकाराम जेवून आडवा झाल्यावर मामंजींनी गाडी धुंडाळली. सीटखाली बघितलं, कप्पा उपसला, शेवटी धोतर सावरत पुढच्या सीटपाशी ओणवे झाले.

"सूनबाई, हिकडं ये!"

क्लचच्या डाव्या अंगाला, अगदी कोपऱ्यात, जमिनीवर एक लोखंडी बटण होतं. गोल, घासून चकचकीत झालेलं. मामंजींनी ते हातानं दाबलं. कट्ट असा आवाज आला, बाकी काही नाही. सगळे दिवे बंदच होते, मग होणार काय!

"चोरबटण," मामंजी हलक्या आवाजात म्हणाले. "ह्यानं बसवून घेतलंय. हात दिसू नये म्हनून पायात."

माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटली.

मामंजींनी बेत ठरवला. आकारामला एकट्यालाच कराडला पेंडीची पोती आणायला पाठवायचं आणि आपण हरणाबाईच्या अंगणाशेजारी दबा धरायचा. एकट्या बाईच्या दारात पुरुषांनीच कसं जायचं, म्हणून मलाही बरोबर घेतलं. अंधारून यायच्या बेताला मामंजी, गुंडा आणि मी कडब्याच्या गंजीमागे उभे राहिलो. समोर हरणाबाई म्हशीला पाणी दाखवत होती. आपल्या घरावर आज काय बेतलंय, याचा तिला पत्ताही नव्हता. मला तिच्याकडे बघवेना.

हायवेकडून गाडी वळली. मोठा उजेड उसावरून फिरत पाणंदीत आला. नीट दिसावं म्हणून मामंजी गंजीमागून पुढे गेले आणि थेट रस्त्यावरच उभे राहिले. उजेड त्यांच्या डोळ्यांत घुसला. त्यांना काही दिसेना. चाचपडत ते कडेच्या चराकडे सरकायला लागले, मी ओरडणार, एवढ्यात उजेड झपकन खाली उतरला. त्यांची पायताणं दिसली, चर दिसला, रस्ता दिसला. मामंजी थांबले.

आणि त्यांनी हात जोडले.

दिवेलागणीचा पहिला उजेड. जन्मभराची सवय, हात आपसूक वर गेले. मी शेजारी बघितलं, तर गुंडाचेही हात जोडलेले. माझेही. पलीकडे अंगणात हरणाबाई हात जोडून उभी, आणि काचेआड आकारामचाही एक हात कपाळाशी.

गाडी थांबली. आकाराम धावत उतरला. "मालक, लागलं तर न्हाई न्हवं? हिकडं कसं काय?"

"ते पायातलं बटण..." मामंजींनी गाडीच्या उघड्या दाराकडे बोट केलं.

"डिपर व्हय? कंपनीचंच हाय की. म्होरनं माणूस आला, जनावर आलं, की पायानं दाबायचं. उजेड जमिनीवर येतोय." तो आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघायला लागला. मग त्याची नजर हरणाबाईकडे गेली आणि तो दोन पावलं मागे सरला.

हरणाबाई तोवर जवळ आली होती. उजेडाला हात जोडण्यावरून दीर टोमणे मारायचा, ते आठवून तिच्याही सगळं ध्यानात आलं असावं. ती दिराकडे वळली.

"भावजी, उजेडाला हात जोडलं म्हनून मला घरातनं काढणार व्हता न्हवं? मग आता आबांस्नी बी काढा. तुमच्या सूनबाईस्नी बी काढा, आबा. आन् भावजी, तुमी बी चला."

मला भयंकर लाज वाटली आणि गुंडाचा त्याहून भयंकर राग आला. "घर तिचं हाय," मामंजी गुंडाला म्हणाले. "पुना ह्या अंगणात पाय टाकलास तर माझ्याशी गाठ हाय." आणि ते गाडीत, पेंडीच्या पोत्यांशेजारी, जाऊन बसले.

हरणाबाईचं घर राहिलं. पण त्यानंतर गाडीचा उजेड पाणंदीत वळला की ती हातातलं काम टाकून आत जायची. परत तिला त्या उजेडाला हात जोडताना मी कधी बघितलं नाही. आकाराम मात्र त्या वळणावर बटण दाबायचाच. आता मी मागच्या सीटवरून वाकून त्याचा डावा पाय बघत असे.

एकदा न राहवून मी विचारलं, "आता तर ती अंगणात नसतेच. मग कशाला दाबता?"

"वैनीसाहेब, दार उघडं असतंय तिचं," तो म्हणाला. "उजेड थेट चुलीपातूर जातोय. बाईमाणूस सैपाकाला बसल्यालं असतं."

मला खूप बरं वाटलं. पण तिची चूल दारासमोर आहे हे याला कसं ठाऊक, हा किडा तेवढ्यात डोक्यात वळवळलाच. उजेडातच दिसली असणार, दुसरं काय! तरीही घर येईपर्यंत माझी नजर त्याच्या डाव्या पायावरून हलली नाही.