शुक्रवारच्या बातम्या

आमच्या शाळेतल्या मोठ्या सिस्टर दर शुक्रवारी परिपाठात माइकवर मुलांच्या घरच्या बातम्या सांगतात. मूळच्या केरळच्या, त्यामुळे ‘समीरची दात पडली’ म्हणतात. पोरं ‘पडला!’ ओरडली की त्यांना लई आनंद होतो.

परवा मी शिकवत असलेल्या पहिलीच्या वर्गातली एक मुलगी त्यांच्या कानात काहीतरी कुजबुजली. वर्षभरात ती शाळेत कधी बोलली नव्हती. सिस्टर तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या.

“हिची अव्वा, म्हणजे आजी, देवाघरी गेला. प्रार्थना करू या.”

मुलं डोळे मिटून हळूच प्रार्थना म्हणू लागली.

एवढ्यात ती मुलगी म्हणाली, “अव्वाला कमी ऐकू येतंय. मोठ्यानं म्हणा की!”

सिस्टरांनी माइक तिच्या तोंडापाशी धरला आणि स्वतः ओरडून प्रार्थना म्हणू लागल्या.