चहा उकळायच्या आत आलेलं "अप्रतिम!"

मैत्रिणींनो, लेकीच्या रॉक बँडचा नवा अल्बम आज सकाळी ग्रुपवर टाकला. माझा चहा उकळायच्या आत तुम्हा सगळ्यांचं "अप्रतिम!" आलं. अल्बम पाऊण तासाचा आहे, बरं का! कॉन्व्हेंट शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरही सगळ्यांनाच 'व्हेरी गुड' म्हणायच्या, तेव्हापासून मला शंका येते.

दुपारी नारायणगावहून मंचरला जाताना जीपवाल्याला तोच लावायला सांगितला. कोणाचा ते मात्र सांगितलं नाही.

"लई आरडाओरडा हाय, बंद कर राव," मागून एक काका ओरडले.

"राहू द्या की! हलगी भारी वाजतीय," शेजारची बाई म्हणाली.

लेक विचारतेय, "आई, खरं सांग, लोकांना कसा वाटला?"

जीपमधलं तिला जसंच्या तसं सांगितलं. तुमचं अजून कळवलेलं नाही. खरंच, त्यातलं कुठलं गाणं ऐकलंत?