ओढ्यात गेलेला टोला आणि गेनूभाऊ

गेनूभाऊंची व माझी पहिली भेट झाली तेव्हा मी गोल्फची काठी घेऊन चेंडूऐवजी हवेला झोडपीत होतो. तुंगार्लीच्या जिमखान्याचे मैदान सोमवारी सभासदांना बंद असे. नोकरांना, आणि त्यांच्या ओळखीने माझ्यासारख्या वार्ताहराला, त्या दिवशी खेळता येई. टाकव्याहून येऊन मैदानाची हरळी राखणारे गेनूभाऊ कापणी थांबवून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बुवा, चेंडूनं काय वाकडं केलंय तुमचं?"

मनोनिग्रहावरच्या श्लोकांची मी पाठशाळेत बारा वर्षे घोकंपट्टी केली आहे. तो प्रत्यक्ष पाहिला मात्र या मैदानावर, आणि ज्यांच्या ठायी पाहिला त्यांना हा शब्द ठाऊक नव्हता.

गेनूभाऊ फार लांब मारीत नसत. पण आज जसे खेळत, तसेच पुढच्या सोमवारी. त्यांची रीत साधी होती. टोला मारताना उडालेली हरळीची ढेप उचलून आणायची, होती तिथे बसवायची, तळव्याने दाबायची. टोला झकास असो वा फजितीचा, ढेप बसली की त्यांच्यापुरता तो संपला. मी याला माळीकामाची सवय समजत होतो. ज्यात चेंडू घालायचा त्या मागच्या खळग्यावरची चूक मी एकदा उगाळीत बसलो, तेव्हा ते म्हणाले, "त्यो टोला तितं ऱ्हायला, तुमी हितं हाय. एका चुकीच्या दोन कशापायी करता?"

आता जे सांगतो ते गेनूभाऊंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात सांगणे मला भाग आहे. जिमखान्याला खेळ शिकवणारा शिक्षक हवा होता. काही सभासदांच्या मनात गेनूभाऊ होते, काहींच्या मनात पुण्याहून आलेले एक गृहस्थ. कमिटीने ठरवले, दोघांनी नऊ खळगे खेळावेत. ज्यांना टोले कमी लागतील त्यांची नेमणूक. गेनूभाऊ जिंकले, तर ज्या मैदानावर आठवड्यातून एकदा काठी धरायची, तिथे रोज धरता येणार होती. हरले, तर विळा होताच.

आठ खळगे झाले तेव्हा ते एका टोल्याने पुढे होते. त्यांनी स्वतः मोजले नव्हते; ते काम मी हौसेने पत्करले होते. शेवटच्या खळग्याला मला राहवेना. मी कानाशी जाऊन म्हणालो, "भाऊ, एका टोल्यानं पुढं आहात. आता एवढंच करा, डावीकडच्या ओढ्यात घालू नका."

ओढा त्यांच्या रोजच्या पाहण्यातला. पण मारताना तो त्यांच्या गावीही नसे. त्या दिवशी त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिले. चेंडू सरळ ओढ्यात गेला.

 गेनूभाऊ वाकून ढेप बसवीत होते. नवा चेंडू ठेवून पुढचे टोले त्यांनी असे मारले, की तिथे ओढा आहे हे नवख्याला कळू नये. तरी वाया गेलेला टोला आणि त्यावर दंडाचा एक धरून ते एका टोल्याने हरले.

पुढच्या सोमवारी मी मैदानाकडे फिरकलो नाही. गेनूभाऊ स्वतः माझ्या बिऱ्हाडी आले.

"आजारी हाय का बुवा?"

"कोणत्या तोंडानं येऊ, भाऊ? मी बोलायला नको होतं."

"बोलला तुमी, पर मारला म्या. चला, ऊन चढतंय."

पुढे तीन वर्षे त्यांनी हरळीच कापली. पुण्याचे गृहस्थ नोकरी सोडून गेले, तेव्हा कुठे ती जागा त्यांच्याकडे आली. तेव्हापासून साहेब, वकील, डॉक्टर साऱ्यांना ते शिकवीत आले आहेत. तरीही जिमखान्यात अजून सांगतात, की ऐन वेळी गेनूभाऊ कचरले. एवढ्या वर्षांत त्यांनी कोणापाशीही माझे नाव घेतले नाही, म्हणून मीच घेतो. ते कचरले नाहीत. त्यांना कचरवले प्रस्तुत लेखकाने.

आज त्यांची साठी पूर्ण होत आहे. गेनूभाऊंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि यापुढे त्यांच्या कुठल्याही टोल्याच्या वेळी कानाशी एकही विद्वान नसो.