कफील बदलायचा आहे

ही गोष्ट इक्बालभाईकडून तुमच्या कानावर यायच्या आधी मीच सांगून टाकतो. कारण तो सांगतो तेव्हा मी शाळेच्या हॉलमध्ये रडलो असंही म्हणतो. रडलो नाही हो! घसा बसला होता. बाकी सगळं खरं आहे, दुर्दैवाने.

चहा घ्या. आलं जरा जास्त पडलंय, सांभाळून घ्या.

तर मी राहायला सौदीत, दम्मामला, कामाला रास तनुराच्या रिफायनरीत. स्कॅफोल्डिंगचा सुपरवायझर. उंचावर काम करणाऱ्यांसाठी पाइपांची परांची बांधतात ना, ती तपासायची. मी हिरवा टॅग लावल्याशिवाय पहिल्या फळीवरसुद्धा कुणी पाय ठेवायचा नाही. या नोकरीने माणसाचं काय होतं ठाऊक आहे? बायको घरात स्टुलावर चढायला निघाली तरी मी आधी स्टूल हलवून बघतो.

आणि दुसरी गोष्ट, कफील. इथे परदेशी माणूस कुणाच्या तरी जबाबदारीवर राहतो, तो त्याचा कफील. इंग्रजीत स्पॉन्सर. माझी कफील कंपनी. आणि माझ्या बायकोचा, मुलीचा कफील कोण? मी! घरात भाजी कुठली करायची हे मला कुणी विचारत नाही, पण सरकारदरबारी मी कफील. एवढा एकच मान शिल्लक आहे, तो मी जपून वापरतो.

मुलगी सायली, इथल्या भारतीय शाळेत बारावीला. तिच्या शाळेत मुलांचं एक सेवा मंडळ आहे. देशभर शाखा आहेत त्याच्या आणि सगळा कारभार विद्यार्थीच बघतात. सायली इथल्या शाखेची प्रमुख. मला यातलं किती ठाऊक होतं? एवढंच, की शनिवारी ती ‘मीटिंग’ला जाते आणि आमच्या घरात जुन्या पुस्तकांची खोकी साठतात. मी त्याला रद्दी म्हणायचो.

एके संध्याकाळी ड्यूटीवरून येऊन दारात बूट काढत होतो. सायली आपल्या खोलीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. कानावर आलं ते असं:

“पुराना स्पॉन्सर तो अब गया समझ. नया ढूँढना पड़ेगा, नहीं तो वी आर फिनिश्ड. खलास! शनिवार को फायनल करते हैं.”

माझा एक बूट हातात, एक पायात. पुढचं ऐका.

“पप्पा? नो, नो! पप्पा को तो बिलकुल मत बताना!”

आता तुम्हीच सांगा, काय अर्थ काढायचा? तिचा स्पॉन्सर कोण? मी. पुराना कोण? मीच. आणि नवा शोधायचा म्हणजे कुठल्या तरी कंपनीच्या नावावर जायचं. म्हणजे नोकरी! म्हणजे बारावीत शाळा सोडायची!

मी आयटीआय करून इकडे आलो. पोरीने कॉलेजला जावं, इंजिनियर व्हावं, एवढ्यासाठी इतकी वर्षं या उन्हात पाइपांवर पाइप चढवले. आणि ती गुपचूप कफील बदलतेय!

बायकोला स्वयंपाकघरात गाठलं. सगळं ऐकून ती लसूण सोलत म्हणाली, “अहो, तिला सरळ विचारा ना.”

“असं सरळ विचारायचं नसतं. आधी पुरावा लागतो.”

“बरं, मग गोळा करा पुरावा,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, ते मला तेव्हा दिसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी इक्बालभाईला सांगितलं. इक्बालभाई दाभोळचा, आमच्या कंपनीची बस चालवतो. इकामा म्हणतात तो इथला राहण्याचा परवाना, कफील, व्हिसा, या विषयांत तो आमचा वकील. फक्त वकिलीची परीक्षा दिली नाही, इतकंच.

“सावंता, कोणीतरी एजंटानं पोरीला फूस लावलीय,” तो स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाला. “घाबरू नको. जुन्या कफिलानं तनाझुल दिल्याशिवाय नवा कफील काही करू शकत नाही. तू देऊच नको!”

तनाझुल म्हणजे जुन्या कफिलाची सोडचिठ्ठी. मी मनाशी पक्कं केलं. प्राण गेला तरी तनाझुल देणार नाही!

शनिवारी सायली निघताना म्हणाली, “पप्पा, आज तुम्ही सोडायला येऊ नका हं. आईला सांगितलंय.” झालं! संशयाला आणखी खतपाणी. पाच मिनिटांत मी इक्बालभाईच्या गाडीत.

शाळेच्या हॉलचं दार अर्धवट उघडं. आत पन्नासेक मुलं, आणि पुढे खुर्च्यांवर तीन मोठी माणसं. त्यातल्या एकाने चक्क टाय बांधलेला! सुट्टीच्या दिवशी टाय कोण बांधतं? एजंट! मी दार ढकललं, आत घुसलो आणि छाती फुगवून ओरडलो:

“मैं इसका कफील हूँ! मैं तनाझुल नहीं दूँगा!”

सायलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मागून इक्बालभाई म्हणाला, “शाब्बास!”

टेबलाशी नववीतली एक चिमुरडी घंटी घेऊन बसली होती. ती अजिबात दचकली नाही. “वेलकम, अंकल. प्लीज सिट. यू आर थर्ड.”

थर्ड? म्हणजे पोरीला न्यायला रांग लागलीय? पण त्या मुलीच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, मी मुकाट्याने बसलो. रिफायनरीत मॅनेजर ओरडला तरी मी असा बसत नाही.

पाहुण्यांआधी त्यांचा नेहमीचा आढावा होता. एक मुलगा उभा राहिला. ज्यांच्या वडिलांची नोकरी सुटलीय अशा घरांतल्या मुलांसाठी ही पोरं पुस्तकं गोळा करतात, फाटलेली शिवतात, पोचवतात. माझी ‘रद्दी’ ती हीच! हुफूफ गावाची खोकी वेळेत गेली नाहीत, तो म्हणाला, आणि चूक माझी आहे. मी मनात म्हटलं, आता याची खरडपट्टी निघणार. आमच्या साइटवर निघालीच असती. पण सायलीने विचारलं, “पुढच्या वेळी तुला कशाची मदत लागेल?” तो म्हणाला, गाडीची. झाला विषय.

मग एक मुलगी सांगू लागली की मोठी मुलं लहानांना गणित शिकवतात, पण लहानांना त्यांची भीती वाटते, म्हणून आता लहानांनीच शिक्षक निवडायचा. ठराव, हात वर, मंजूर. कुणी कुणाचं बोलणं तोडलं नाही. आमच्या कॅम्पातल्या गणपतीच्या मीटिंगला मी जाऊन आलोय. तिथे आरतीच्या वेळेवरून खुर्ची फेकली होती!

खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. आणि दुसऱ्याच क्षणी राग आला. एवढी गुणी पोरं, आणि या एजंटाला माझ्याच पोरीला नोकरीला लावायचंय!

टायवाला सोडून बाकीचे दोघे गृहस्थ काहीतरी बोलून बसले. माझा नंबर आला. “टू मिनिट्स, अंकल.”

मी सुरू झालो. मी हिचा जन्मापासूनचा कफील. जबाबदारी म्हणजे काय, तुम्हाला काय ठाऊक? पाया लागतो, आडवे पाइप लागतात, तिरके पाइप लागतात, क्लॅम्प घट्ट लागतो... घंटी वाजली. मी म्हटलं, थांब. शिडी, कठडा, हिरवा टॅग. परत घंटी. टायवाले गृहस्थ टाळ्या वाजवत होते.

घंटीवालीने शांतपणे विचारलं, “अंकल, विल यू लेट अस मेक अवर ओन मिस्टेक्स?”

“बिलकुल नाही! चूक झाली म्हणजे माणूस खाली!”

अख्खा हॉल हसला. सायली माझ्याजवळ आली, कान लालेलाल. “पप्पा, तुम्हाला काय वाटतंय, आम्ही कसला स्पॉन्सर शोधतोय?”

“तुझा! माझ्या जागी!”

“माझा नाही हो, मंडळाचा! शाळेचा नियम आहे, एका पालकाने आमची जबाबदारी घ्यायची. या अंकलनी इतके दिवस घेतली.” तिने टायवाल्यांकडे हात केला. “ते कायमचे केरळला चाललेत. आज नवा पालक मिळाला नाही तर हॉल बंद, आणि शाखापण बंद.”

एजंटाने मला नमस्कार केला.

“मग ‘पप्पा को मत बताना’ कशाला?”

“कारण तुम्ही हेच केलं असतं!”

तेवढ्यात दारात बायको. हातात माझा चष्मा, घाईत घरीच राहिलेला. “झाला का पुरावा गोळा करून?”

“तुला ठाऊक होतं?”

“लेक मला सगळं सांगते. म्हटलं, तुमचा तपास चाललाय, चालू दे.”

घंटीवालीने मान वर केली. “आंटी, आर यू फोर्थ?”

“नाही गं बाई, मी ह्यांना न्यायला आले.”

“पण आई, झालीस तू स्पॉन्सर, तर काय करशील?” सायलीने विचारलं.

“मी काय करणार? तुमचं चांगलंच चाललंय की. मागे बसेन, लसूण सोलेन. निघताना एसी बंद केला का ते बघेन. अडलात तर हाक मारा.”

मतदान झालं. बायको एकमताने निवडून आली. मला एक मत पडलं, तेही इक्बालभाईचं. तो सभासद नाही म्हणून बाद झालं. आणि माझा घसा बसला तो इथे, टाळ्या वाजवता वाजवता “शाब्बास” ओरडून.

मग मी हात वर केला. बघा, तेवढ्यात शिकलो! म्हटलं, हुफूफची खोकी मी नेतो, इक्बालभाईची गाडी आहे.

“थँक यू, अंकल. पण नवीन व्हॉलंटियरची जबाबदारी मंडळातल्या कुणीतरी घ्यावी लागते. हू विल स्पॉन्सर यू?”

पन्नास पोरं छताकडे बघायला लागली. बायकोसुद्धा! शेवटी एक हात हळूच वर गेला. सायलीचा.

“आय विल. पण प्रोबेशनवर.”

परवा खोकी बांधताना एका पोराची गाठ सैल दिसली. मी सांगायला तोंड उघडलं. सायलीने नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं. काय करणार? तिने तनाझुल दिलंच, तर मला घेणार कोण?