कबनूरच्या बोळातलं भांडण

सत्तरच्या दशकात मी पुण्यात समाजशास्त्राचं संशोधन करत होते. विषय होता, शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणं कोर्टाची पायरी न चढता कशी मिटतात. ग्रंथालयात बसून याचं उत्तर मिळणार नाही, याची मला खात्री होती. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "जा, पण मध्ये पडू नकोस. आपण फक्त बघायचं." मी त्याच आठवड्यात कोल्हापूरची एसटी पकडली.

स्वारगेटहून सकाळी निघालेली गाडी खंबाटकीच्या घाटात धापा टाकत चढली. साताऱ्याला चहा झाला, कराडच्या स्टँडवर केळी घेतली आणि उन्हं उतरताना कोल्हापूर आलं. आता चौपदरी रस्त्यानं तुम्ही निम्म्या वेळात पोचाल, खिडकीतली धूळ तेवढी चुकेल. कसबा बावड्याला माझ्या मैत्रिणीचे मामा राहायचे, तिथं उतरले. वाऱ्यावर साखर कारखान्याच्या मळीचा वास होता. त्याची दोन दिवसांत सवय होते. मामींनी भाकरी, खर्डा आणि सुरीनं कापावं असं म्हशीचं दही वाढलं. त्या भागात जाणार असाल तर मिसळीआधी हे खा.

मामांचं गाव कबनूर. तिथल्या एका भांडणात ते पंच होते. "चला पावणं," ते म्हणाले, "तुमास्नी ताजं भांडण दावतो." इचलकरंजीच्या बसनं आम्ही कबनूरला उतरलो. बस थांबण्याआधीच यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येत होता.

भांडण होतं दत्तूअण्णा आणि शंकरअप्पा या दोन शेजाऱ्यांचं. दोघं एका पाटीवर लिहायला शिकलेले. अण्णांनी घराला लागून शेड बांधून माग बसवले. वर्षभरानं अप्पांनी मधल्या बोळात दगड रचून वाट बंद केली. बोलणं तुटलं. आता अप्पा घर विकायच्या गोष्टी करत होते आणि अण्णा वकील गाठायच्या.

मी आधी अण्णांच्या शेडमध्ये गेले. त्यांना ओरडूनच बोलावं लागत होतं. "सुताची बाचकी आणायची कुठनं? बोळ त्येच्या बाचा हाय का? माझ्या मागांवर किती घरं जेवत्यात, इचारा की त्येला."

"पण अप्पांचं म्हणणं काय आहे?"

"त्येचं काय असणार? जळतोय."

पलीकडे अप्पा गोठ्यात होते. "भिंत हादरती. म्हैस पान्हवत न्हाय," ते म्हणाले. अण्णांची बाजू विचारली तर तोंड फिरवून म्हणाले, "पैशाची मस्ती, दुसरं काय."

माझ्या लक्षात आलं, की आपलं गाऱ्हाणं दोघांनाही तोंडपाठ होतं. समोरच्याचं मात्र एकालाही सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळाच्या ओसरीवर बैठक बसली. मामांनी निवाडा सांगून टाकला: अप्पांनी बोळ उघडायचा, अण्णांनी रातपाळी बंद करायची. दोघांनीही मानेनंच नकार दिला. अप्पा उठले आणि पायात चप्पल सरकवत म्हणाले, "कोर्टात बघू."

सरांची सूचना मला आठवत होती. तरी मी बोलले. "अप्पा, जरा थांबा. अण्णा, अप्पांचं दुखणं काय आहे, ते तुम्ही सांगा. ते 'बरोबर' म्हणेपर्यंत सांगायचं."

मामांनी माझ्याकडे चमकून पाहिलं, पण अडवलं नाही.

"भिंत हादरती," अण्णा म्हणाले.

"ते नव्हं," अप्पा उभ्यानंच म्हणाले.

"म्हशीचं दूध."

"ते बी नव्हं."

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "तुझी आई गेली, त्या दिवशी माझं माग चालू हुतं."

"व्हय," अप्पा म्हणाले. "दारात आईला आंघोळ घालत हुतो आन् भिंतीपलीकडं खडखड. माझ्या बरुबरीनं तुला जेवू घातलं तिनं. सा महिनं झालं, तू दारात आला न्हाईस."

"मी सूत बघायला सोलापूरला गेलतो. आलो तवा समदं आटपलं हुतं. मागनं तोंड दावायला यायचं धाडस हुईना."

अप्पा खाली बसले. मी त्यांच्याकडे वळले. "आता तुम्ही अण्णांचं सांगा."

त्यांनी डोळे पुसले. "वाट बंद झाली. बाचकी लांबनं आणाय लागत्यात. कामगार सोडून निघाल्यात." मग अण्णांकडे बघत म्हणाले, "आन् त्येला बी आईचं लागलं आसंल."

"व्हय," अण्णा म्हणाले.

त्या संध्याकाळी अण्णा अप्पांच्या घरी जाऊन आईच्या फोटोसमोर बसले. सकाळी दोघांनी मिळून बोळातले दगड काढले. भिंतीलगतचे माग अण्णा शेडच्या दुसऱ्या बाजूला हलवणार होते. रातपाळीवरून त्यांची कुरबूर मात्र मी निघेपर्यंत चालूच होती. "तेवढं ऱ्हाऊ दे की," मामा म्हणाले, "न्हायतर बोलतील कशाला?"

पुण्यात सर रागावले. मी म्हटलं, "मी मध्ये पडले हेही लिहिते, मग वाचणारा ठरवेल." शेवटी प्रबंधात ते प्रकरण तसंच राहिलं. समोरच्याचं दुखणं काय, हा प्रश्न पुढं मी अनेक गावांत विचारला. कुठं लागू पडला, कुठं माणसं माझ्यावरच उखडली. पण भांडणाऱ्याला समोरच्याचं दुखणं बहुतेक वेळा माहीत असतं, ही कबनूरची शिकवण टिकली.

कबनूरहून घरी परतले त्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. काका आणि ती कित्येक वर्षं बोलत नव्हते. भाजी परतता परतता ती म्हणाली, "तुझ्या काकांची बाजू मला नाही बाई सांगता येणार."

"सांगून तर बघ."

तिनं स्टोव्ह बंद केला, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. "त्यांना वाटत असेल," ती म्हणाली, "की मी त्यांना कधी घरातलं मानलंच नाही."