मुनग्याच्या झाडावरून पडलेला जावई

माझा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. रायपुरातला प्रत्येक फोटोवाला मला आजवर एकच वाक्य म्हणत आलाय, "भैया, कंधा सीधा." मी खांदा सरळ करतो तेव्हा मान वाकडी होते. मान सरळ केली की कंबर एका बाजूला सरकते. शेवटी तो कंटाळून म्हणतो, "चलिए, जैसे हैं वैसे ही ठीक हैं." इतकं उदार वाक्य मला आमच्या नातेवाइकांपैकी कुणी कधी ऐकवलेलं नाही.

पाठीचा कणा असा वाकडा वाढतो त्याला डॉक्टर स्कोलिओसिस म्हणतात. हे नाव मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. त्याआधी आमच्या घरी या दुखण्याचं नाव 'नीट बस' असं होतं. बाबा रेल्वेच्या ड्यूटीवरून येत आणि बूट काढायच्या आधी विचारत, "काहून वाकडा बसून राहिला बे?" मी सरळच बसलेलो असे. म्हणजे माझ्याकडे जेवढं सरळ शिल्लक होतं, तेवढं सगळं वापरून बसलेलो असे.

लग्नाचं वय झालं तशी ही गोष्ट घरातली राहिली नाही. मुलीकडच्यांना नोकरी सरकारी हवी असते, पोरगा निर्व्यसनी हवा असतो. तो सरळ असावा असं कुणी बोलून दाखवत नाही, कारण ते गृहीतच असतं. अभनपूरला मुलगी बघायला गेलो तेव्हा मामांनी मला गाडीतच बजावलं होतं, "भिंतीले टेकून बसजो. उठू नको." पण पाण्याचा ग्लास घ्यायला मी पुढे वाकलो, आणि मुलीच्या वडिलांची नजर माझ्या पाठीवर बसली. ते शाळामास्तर. आयुष्य पोट्ट्यांच्या रांगा सरळ करण्यात गेलेलं.

"पोट्ट्याच्या पाठीले काय झालं?"

मामांनी श्वाससुद्धा घेतला नाही. "लहानपणी मुनग्याच्या झाडावरून पडला."

मुनगा म्हणजे आपला शेवगा. त्याची फांदी किती बेइमान असते, हे छत्तीसगडात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मास्तरांनी मान हलवली. "हव. मुनग्याची फांदी कच्चीच." आणि विषय संपला. पडलेला पोरगा चालतो. आपोआप वाकडा झालेला चालत नाही, कारण मग ते रक्तात असतं, आणि रक्तातलं उद्या नातवंडांत उतरतं. पडणं कसं, ज्याचं त्याच्यापुरतं. शिवाय त्यात थोडी मर्दुमकीही आहे.

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण समोर पोहे होते.

असं माझं लग्न झालं, आणि लग्नाबरोबर ते झाडही घरात आलं. बाबांच्या रेल्वे क्वार्टरच्या अंगणात मुनगा कधीच नव्हता. एक कडुनिंब होता आणि त्यावर मी भीतीपोटी एकदाही चढलो नाही. पण आता पडलोच आहे म्हटल्यावर नीट पडावं, असं माझ्यातल्या गोष्टी सांगणाऱ्याला वाटायला लागलं. पहिल्या वर्षी नुसती फांदी मोडली. तिसऱ्या वर्षी मी शेजारच्या म्हातारीसाठी शेंगा तोडायला चढलो होतो. मुलगा झाला, त्याला गोष्टी कळायला लागल्या, तोवर वर मैनेचं पिल्लू अडकलं होतं आणि मी एका हातानं लोंबकळत होतो. पोरगा जेवताना म्हणायचा, "पापा, वो पेड़ वाला सुनाओ ना." मी सांगत असे. एवढं लक्ष देऊन घरात माझं दुसरं काही ऐकलं जात नव्हतं. सासूबाईंनी तर इतकी नाजूक काळजी घेतली, की मी जेवायला असलो की त्या मुनग्याची भाजी करतच नसत. मला ती भाजी फार आवडते.

मुलगा तेरा वर्षांचा झाला आणि त्याचा डावा खांदा उतरायला लागला.

मला दिसलं नाही असं म्हणवत नाही. घरात ज्याला सगळ्यात आधी दिसायला हवं होतं तो मीच. पण मी म्हणालो, मोबाइलमुळे. मी म्हणालो, दप्तर एका खांद्यावर अडकवतो म्हणून. मोबाइल आणि दप्तर या कशा, कुणाच्या रक्तात नसलेल्या गोष्टी आहेत. वर्षभर मी त्याला दिवसातून दहा वेळा "नीट बस" म्हणत होतो. पंधरा दिवस त्याचा फोन कपाटात कुलूप लावून ठेवला. बाबांनी मला दिलेलं वाक्य मी वापरून खराब होऊ दिलं नव्हतं. जसंच्या तसं पुढे दिलं.

शेवटी शाळेतल्या पीटीच्या सरांनी चिठ्ठी पाठवली आणि आम्ही तिघं समता कॉलनीतल्या एका हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी पोराला शर्ट काढून पुढे वाकायला लावलं. तो वाकला, आणि पाठीची उजवी बाजू डाव्यापेक्षा वर आली. जमिनीखालून काहीतरी खांदा देत असावं तशी. बायको बघत होती. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो.

"मोबाइल से हुआ ना?" पोरानं वाकल्या वाकल्या विचारलं.

"नहीं बेटा. मोबाइल, बैग, इनसे नहीं होता. पक्की वजह किसी को नहीं पता. कई बार परिवार में चलता है." डॉक्टर माझ्याकडे वळले. "आपके घर में किसी को?"

मी काही म्हणायच्या आत पोरगाच सरळ होत अभिमानानं म्हणाला, "पापा का तो एक्सीडेंट है. मुनगा के पेड़ से गिरे थे."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझे खांदे पाहिले. मायलेक एक्स-रे काढायला आत गेले, तेव्हा लिहिता लिहिता म्हणाले, "पेड़ से गिरकर इतना सलीके से कोई नहीं मुड़ता, भाईसाहब. बच्चे को बता दीजिए. वो समझ रहा है कि उसकी अपनी गलती है."

"हाँ हाँ, बिल्कुल," मी म्हणालो. आणि दोन महिने काही सांगितलं नाही.

वाढ अजून बाकी होती, म्हणून पट्टा द्यायचं ठरलं. पट्टा म्हणजे शब्दच मऊ. प्रत्यक्षात ते काखेपासून कमरेपर्यंतचं कडक प्लॅस्टिकचं कवच, मागे तीन चिकटपट्टीचे बंद. आत सुती बनियन घालायची, दिवसाचे अठरा तास कवचात राहायचं, सहा तास सुट्टी. यानं कणा सरळ होईलच असं नाही, पण आणखी वाकू नये म्हणून, असं डॉक्टरांनी समजावलं. आणि महिना होता मे. रायपूरच्या मेमध्ये माणसाला स्वतःची कातडी जड होते.

आम्हाला वाटलं, पोरगा रडेल, फेकून देईल. तसं काही झालं नाही. त्यानं मुकाट्यानं घातला. इतका मुकाट्यानं, की येणारे-जाणारे कौतुक करायला लागले, "कितना समझदार लड़का है!" मीही मान डोलवत होतो. मग एक दिवस बायकोनं मला आत बोलावलं. "अहो, हा काढतच नाही." पोराच्या बरगडीखाली कातडी लाल होऊन सोलवटली होती. तो अठरा नाही, तेवीस तास पट्ट्यात राहत होता. अंघोळ तेवढी सोडून.

"काहून रे?" मी विचारलं.

"ज्यादा पहनूँगा तो जल्दी सीधा होगा ना," तो म्हणाला. "गलती मेरी थी. आप तो रोज बोलते थे सीधा बैठ."

बोलायची वेळ हीच होती. मी "नहीं बेटा, ऐसा नहीं है" एवढं पुटपुटलो आणि घामोळ्यांची पावडर आणायला बाजारात गेलो. तीन प्रकारच्या पावडरी आणल्या.

ऑफिस नवा रायपूरमध्ये. तिथले रस्ते रुंद, रिकामे आणि क्षितिजापर्यंत सरळ. रोज जाताना मी ठरवत असे, आज सांगायचं. रस्ता इतका सरळ असला की वाकड्या माणसाला उगाच ओशाळल्यासारखं होतं. येताना अंधार असे. अंधारात रस्ता सरळ आहे की नाही ते दिसत नाही. घरी पोचेपर्यंत मी शांत झालेलो असे.

मग एका रविवारी अभनपूरला गेलो. जेवणं झाली होती. पोरगा कूलरसमोर पट्टा घालून ताठ बसला होता, ओलाचिंब. सासऱ्यांनी निवृत्तीनंतर शाळा सोडली, पण शिकवणं सोडलेलं नाही. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हळहळत, अगदी प्रेमानं म्हणाले, "तुह्या बापाचं अपघातानं झालं गा, त्याले इलाज नव्हता. तुह्यं मात्र तूच करून घेतलं. आता भोग."

पोरानं मान हलवली. त्याला ते पटलेलंच होतं.

"मी पडलो नव्हतो," मी म्हणालो.

"काय?"

"झाडावरून. मी कधी पडलोच नाही. आमच्याकडे मुनगाच नव्हता."

सासूबाईंच्या हातातली सुपारी तशीच राहिली. सासऱ्यांनी सोळा वर्षं मागे जाऊन तो दिवस, तो ग्लास, ते पोहे सगळं तपासलं असावं. मग त्यांचा आवाज वर्गात चढावा तसा चढला. "म्हणजे तुम्ही लोकायनं आमाले फसवलं, जावईबापू?"

मी खाली मान घालणार, तेवढ्यात बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मले पाहाले आले होते हे लोक, तवा माहा चष्मा कुठं होता बाबा?"

"कुठं होता?"

"तुमच्या खिशात. साडेचार नंबरचा. म्हणून तर मले ह्यायचा खांदा दिसला नाही."

सासूबाई एकदम उठून भांडी आवरायला गेल्या, बायको त्यांच्यामागे. सासरे कूलरमधलं पाणी बघायला बाहेर गेले. चांगलं घराणं अडचणीत आलं की असं कामाला लागतं.

उरलो आम्ही दोघं. पोरगा माझ्याकडे बघत होता. "तो फिर आप कैसे हुए?"

"असाच. तुझ्या वयात वाढता वाढता."

"फोन नहीं था?"

"फोन होता स्टेशनमास्तरकडे."

"बैग?"

"कापडी थैली. दोन पुस्तकं."

त्यानं हिशेब जुळवला. मला त्याचा चेहरा कठीण होताना दिसत होता. "मतलब ये मेरा किया हुआ नहीं है. आपसे आया है."

"बहुतेक. आणि मला माहीत होतं, तरी मी तुला वर्षभर बोललो."

तो चिडेल म्हणून मी वाट पाहत होतो. चिडलाही. "और वो मैना?" त्यानं विचारलं, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा रडू आलं. पाठीसाठी नाही, मैनेसाठी. सात वर्षं त्यानं ते पिल्लू माझ्याबरोबर वाचवलं होतं. मी म्हणालो, "मैनाही नव्हती." तो भिंतीकडे तोंड करून बसला. मला सांगण्यासारखी दुसरी गोष्ट नव्हती.

मग तो वळून म्हणाला, "शर्ट उतारो."

मी शर्ट काढला, बनियन काढली, आणि सासुरवाडीच्या खोलीत, भर दुपारी, पुढे वाकून उभा राहिलो. माझी पाठ मी स्वतः कधी नीट पाहिलेली नाही. त्यानं बोट ठेवून मानेपासून कमरेपर्यंत रेघ ओढली. सावकाश, वळणावळणानं.

"आपका तो पूरा एस है," तो म्हणाला. "मेरा अभी सी है."

"तुझा सी राहावा म्हणूनच तो पट्टा."

"और छह घंटे छुट्टी है ना?"

"रोज सहा."

त्यानं मागे हात नेऊन बंद ओढले. चर्र, चर्र, चर्र. कवच काढून माझ्या हातात दिलं. आतून ते गरम आणि ओलं होतं. बाहेर मावसभाऊ ओसरीत क्रिकेट खेळत होते. तो गेला.

अर्ध्या तासानं पाणी प्यायला आत आला, लाल होऊन. माठाजवळ उभा राहून त्यानं विचारलं, "आपको दर्द होता है क्या, पीठ में?"

माझ्या तोंडात 'नाही' आलंच होतं. सोळा वर्षांची सवय.

"होतं," मी म्हणालो. "संध्याकाळी. बसून उठलो की."

"मुझे भी," तो म्हणाला. दुसरा ग्लास भरून त्यानं माझ्यापुढे ठेवला आणि परत खेळायला पळाला.