पदरचं काही न घालता

दोह्यात उतरले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि माझं कायद्याचं शेवटचं वर्ष बाकी होतं. सुट्टीत दादाकडे आले होते. विमानतळावरच त्याने माझी फिरकी घेतली. "स्पॅनिश शिकलीस म्हणे. पुण्यात कोणाशी भांडणार आहेस त्या भाषेत?"

उत्तर त्याच आठवड्यात नजमा वस्तीतल्या दादाच्या घरी चालत आलं. हमीदभाई रत्नागिरीचे, दादाच्या साइटवर क्रेन चालवत. क्रेनला टांगलेला बीम वाऱ्याने हेलकावून नव्या भिंतीवर आदळला होता. ठपका त्यांच्यावर आला आणि कंपनी त्यांना कायमचं घरी धाडायला निघाली.

"मी नको म्हटलं होतं, बाय. फोरमनने हात केला, म्हणून उचलला," ते म्हणाले.

फोरमन आन्तोनियो स्पेनचा, इंग्रजीत कच्चा. चौकशीत त्याला कोणी धड विचारलंच नव्हतं. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो उत्तरेकडच्या अल रुवैस बंदरावर मासे धरायला जाई. आम्ही तिघं दादाच्या पिकअपमधून तिकडे निघालो.

वाटभर सपाट करडं वाळवंट. रुवैसला लाकडी होड्या, वाळत घातलेली जाळी आणि खारा वास. हमीदभाईंचा चेहरा तिथे पहिल्यांदा सैल झाला. आन्तोनियो धक्क्यावर गळ टाकून बसला होता. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं.

"तुम्ही पाद्र्यासारखं बोलता," म्हणत त्याने पाठ फिरवली. मला रडू यायचं बाकी होतं. हमीदभाई मात्र त्याच्या शेजारी बसले, सुरी उचलली आणि त्याने धरलेली शेरी (इथला चवदार मासा) साफ करायला लागले. आन्तोनियोने कोळसे पेटवले. मी खाताना काट्यांशी झटापट करत होते. ते दोघंही दर्याकाठी वाढलेले, मला बघून मनसोक्त हसले.

मग आन्तोनियोनेच विचारलं, "याला काय हवंय?"

"सांग त्याला, त्याची नोकरी घालवायला मी आलो नाय. वारा कसा होता नि हात कोणी केला, तेवढंच बोल म्हणावं."

हमीदभाईंची मुलं, म्हातारी आई, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते ओळखलं. "पदरचं काय घालू नकोस हां."

मी घातलं नाही. आन्तोनियोने गळ गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी मुशैरिब भागातल्या कंपनीच्या ऑफिसात तो मॅनेजरसमोर उभा राहिला. "वारा जोराचा होता. हा नको म्हणाला. हात मी केला." मी शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितला. हमीदभाई राहिले. आन्तोनियोची नोकरी गेली.

माझ्या परतीच्या दिवशीच त्याचंही विमान होतं. हमीदभाई आम्हा दोघांना विमानतळावर सोडायला आले. "बाय, सांग त्याला..." एवढंच म्हणाले. पुढे शब्द येईनात. मी थांबले.

"कळलं म्हणून सांगा," आन्तोनियो म्हणाला.

आता जहाजमालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या दक्षिण अमेरिकेतल्या खलाशांसाठी मी मुंबईच्या कोर्टात उभी राहते. फी मिळत नाही. दादाची फिरकी अजून चालू आहे. एखादा खलाशी बोलता बोलता गप्प झाला की मीही थांबते. न्यायाधीश घड्याळाकडे बघतात. बघू देत.